राज्यकारभाराचे खेळ व त्यांतील तहनामे

चार चिठ्ठ्या गुंडाळून टाकावयाच्या आणि राजा, राणी, चोर व शिपाई अशी सोंगे घ्यावयाची, हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पावसाळ्यात घराच्या ओसरीवर बसून खेळलेला असेल. त्यात राजाची चिठ्ठी ज्याला मिळेल त्याला करावयाचे असे काहीच नसते. गुण त्याच्या नावावर आपोआप जमा होतात आणि चोर ओळखण्याचा सारा ताप शिपायाच्या कपाळी येतो. खऱ्या राजांस असे सुख लाभते तर इतिहासाचे पुस्तक निम्म्याने पातळ झाले असते! परंतु गेल्या सुमारे सत्तर वर्षांत निराळ्याच जातीचे काही खेळ निर्माण झाले आहेत. त्यांत खेळणाऱ्याला राष्ट्राचा कारभार खरोखरच हाकावा लागतो, म्हणजे कोठारात धान्य आहे की नाही हे पाहावे लागते, प्रजेचा रोष ओढवून घ्यावा लागतो, शेजाऱ्याकडे वकील पाठवावे लागतात, तह करावे लागतात आणि ते पाळावयाचे की मोडावयाचे हेही स्वतःच ठरवावे लागते. ह्या खेळांत शासन आणि परराष्ट्रव्यवहार ह्यांची रचना कशी केलेली असते, ते येथे पाहावयाचे आहे. खेळासारख्या विषयावर वार्षिकाची इतकी पाने खर्चावी काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात मिळेल, कारण ह्याच एका खेळाने आम्हांला वर्गात एकदा निरुत्तर केले.

प्रथम ह्या कुळातील सर्वांत प्रसिद्ध खेळ पाहू. त्याचे नाव 'डिप्लोमसी', म्हणजे मुत्सद्देगिरी. ॲलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९५४ साली तो रचला. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असता पहिल्या महायुद्धाच्या कारणांवरील सिडनी फे ह्यांचा ग्रंथ त्याच्या वाचनात आला होता, आणि युरोपातील राष्ट्रे एकमेकांच्या तहांत गुंतत गुंतत त्या खाईत कशी पडली ह्या विचाराने त्याला पछाडले होते. खेळ छापावयास कोणी मोठा प्रकाशक तयार होईना, तेव्हा १९५९ साली त्याने पदरमोड करून पाचशे प्रती काढल्या. पुढे ह्या गृहस्थाने पोटासाठी टपाल वाटण्याची नोकरी केली. मौज अशी की १९६३ पासून त्याचा खेळ टपालाने खेळण्याचा प्रघात पडला आणि दूरदूरच्या गावी बसलेले खेळाडू पत्रांतून एकमेकांस आश्वासने देऊ लागले!

ह्या खेळाचा पट म्हणजे १९०१ सालच्या युरोपचा नकाशा. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया व तुर्कस्तान ही सात राष्ट्रे. आरंभी रशियाजवळ चार आणि इतरांजवळ प्रत्येकी तीन अशी एकंदर बावीस दळे असतात, त्यांत काही भूदळे व काही आरमारे. पटावर रसद पुरविणारी चौतीस ठाणी आहेत. जितकी ठाणी हाती, तितकीच दळे पोसता येतात, आणि अठरा ठाणी जो मिळवील तो जिंकला. वर्षात दोन चाली, एक वसंतात व एक शरदात. फासे नाहीत, पत्ते नाहीत, दैवाचा संबंध मुळीच नाही.

खेळाचे सारे मर्म दोन नियमांत साठविले आहे. पहिला नियम असा की प्रत्येक दळाचे बळ सारखेच. एका दळाने दुसऱ्यावर चाल केली तर कोणीच हटत नाही. हटवावयाचे तर दुसऱ्या एका दळाचे साह्य हवे. मात्र हे साह्य आपल्याच दळाचे असावे असे बंधन नाही, ते परक्याचेही चालते. समजा, रुमानियात तुर्कांचे दळ बसले आहे आणि ऑस्ट्रियाला बुडापेस्टहून तेथे शिरावयाचे आहे. एकट्याच्या बळावर ते होणे नाही. परंतु सेव्हास्तोपोल येथील रशियन दळाने साह्य दिले की तुर्काला जागा सोडावी लागते. तीन दळांचा धनी असलेल्या राष्ट्राला असे उसने बळ घेतल्यावाचून फार पुढे जाता येत नाही. दुसरा नियम असा की चालीपूर्वी वाटाघाटींना वेळ मिळतो, खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कुजबुजतात, आणि मग प्रत्येकजण आपले हुकूम कागदावर गुप्तपणे लिहितो. सर्वांचे कागद एकाच वेळी उघडले जातात. रशियाने तोंडाने साह्य कबूल केले आणि कागदावर दुसरेच लिहिले, तर ते कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा नियम खेळात नाही. कौटिल्याने सांगितलेल्या सहा गुणांपैकी संश्रय, म्हणजे बलवंताचा आश्रय घेणे, आणि द्वैधीभाव, म्हणजे एकाशी सलोखा राखून दुसऱ्याशी झगडणे, हे दोन ज्याला पुस्तकावरून नीट उमजत नाहीत, त्याने हा पट एकदा मांडून पाहावा.

तथापि ह्या खेळात एक मोठी उणीव आहे असे आमचे मत आहे. त्यातील राष्ट्रांना प्रजा नाही. ऑस्ट्रियाच्या खेळाडूने दर सहा महिन्यांनी तह मोडला तरी व्हिएन्नात कोणी चकार शब्द काढीत नाही. भाकरी महाग झाली म्हणून मोर्चा निघत नाही. विरोधी पक्ष तर औषधालाही नाही. परराष्ट्रव्यवहार आहे, पण ज्याच्यासाठी तो करावयाचा ते राष्ट्रच पटावर नाही. राजा आहे आणि सैन्य आहे, मध्ये सारे ओसाड!

ही उणीव ज्याने भरून काढली तो खेळ खेळणाऱ्यांच्या नव्हे, अभ्यासकांच्या हातून जन्मास आला. हॅरल्ड गेट्झको हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेत शिकागोजवळील एव्हन्स्टन येथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ च्या सुमारास 'इंटर-नेशन सिम्युलेशन' ह्या नावाने राष्ट्रांराष्ट्रांतील व्यवहाराची एक प्रतिकृती रचावयास घेतली. राष्ट्रांची नावे मुद्दाम काल्पनिक ठेविली, कारण रशिया किंवा अमेरिका असे नाव ऐकताच खेळणाऱ्याच्या मनात आधीचे ग्रह उभे राहतात. प्रत्येक राष्ट्राचा कारभार दोनचार माणसांकडे. एक राष्ट्रप्रमुख, एक परराष्ट्रव्यवहार पाहणारा, कधी सैन्य सांभाळणारा, आणि शिवाय सत्तेबाहेर बसून प्रमुखाची जागा मिळविण्यासाठी टपलेला एक पुढारी. राष्ट्रे एकमेकांपासून वेगळी बसविलेली. बोलावयाचे ते चिठ्ठीने, समोरासमोर भेटावयाचे ते परिषदेत. जगात काय चालले आहे ते एक बातमीपत्र कळविते.

ह्या खेळातील संपत्ती तीन प्रकारची आहे. पहिली मूळ उत्पादनशक्ती, म्हणजे जमीन, कारखाने, माणसांचे कसब इत्यादि. दुसरी प्रजेच्या उपभोगाच्या वस्तू. तिसरी लष्करी सामर्थ्य. दर फेरीस राष्ट्रप्रमुखाने ठरवावयाचे की आपल्या उत्पादनशक्तीतून ह्या तिहींपैकी काय किती काढावयाचे. सगळेच प्रजेला खाऊ घातले तर उद्याची शक्ती वाढत नाही, कारण ती झिजतही असते. सगळेच कारखान्यांत घातले तर आज पोट रिकामे. त्यातही प्रत्येक राष्ट्राचे कसब निराळे. एकाला धान्य स्वस्त पडते, दुसऱ्याला शस्त्रे. म्हणून व्यापार करावा लागतो, व्यापार म्हटला की करार आला, आणि करार म्हटला की विश्वास आला.

आता ह्या रचनेतील सर्वांत कौतुकाचा भाग सांगतो. ह्या राष्ट्रांना प्रजा आहे, पण ती माणसांच्या रूपाने नव्हे, आकड्यांच्या रूपाने आहे. राज्यकर्त्याला ज्यांच्या संमतीने अधिकार मिळतो ते लोक, मग ते मतदार असोत, सरदार असोत वा सेनापती असोत, त्यांचे समाधान एका सूत्राने मोजले जाते. त्यात दोन गोष्टी मिळविलेल्या असतात, उपभोग किती मिळाला आणि शेजाऱ्यांच्या मानाने राष्ट्र किती सुरक्षित आहे. हे समाधान उतरले की प्रमुखाचे पद जाण्याचा संभव वाढतो. किती वाढतो, हे त्या राष्ट्राच्या राज्यपद्धतीवर अवलंबून आहे. जेथे राज्यकर्त्याला मोकळीक फार, तेथे प्रजेच्या नाराजीची धग त्याला उशिरा लागते. जेथे मोकळीक थोडी, तेथे लगेच. समाधान अगदीच खाली गेले तर बंडाचा प्रसंग येतो, आणि ते दडपण्यासाठी सैन्यातील काही भाग घरातच गुंतवून ठेवावा लागतो. पद राहिले की गेले ह्याचा अखेरचा निकाल मात्र संभवाच्या प्रमाणात दैवावर सोडलेला असतो. लोकशाही आणि हुकूमशाही ह्यांतील भेद एका आकड्यात बसवावा हे कित्येकांस उथळ वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. आकडा बदलून तोच खेळ पुन्हा खेळला की दोन्ही राज्यांतील मंत्री निरनिराळ्या प्रकारे बोलू लागतात, हे पाहिल्यावर तर मुळीच वाटत नाही.

ह्यातून एक पेच उत्पन्न होतो, तो सावकाश समजून घेण्यासारखा आहे. समजा, आपण वर्षभर काहीही वावगे केले नाही. प्रजेला पूर्वीइतकेच धान्य दिले, सैन्य पूर्वीइतकेच ठेविले. त्याच वर्षी शेजाऱ्याने आपले सैन्य दुप्पट केले. त्याचा हेतू कदाचित तिसऱ्याच राष्ट्रापासून बचाव करण्याचा असेल. तरीही आपल्या प्रजेची सुरक्षितता कमी भरली, समाधान उतरले आणि आपले आसन डळमळू लागले. ते सावरण्यासाठी आपण शस्त्रे वाढविली की तीच कळा शेजाऱ्याच्या घरी. दोघांपैकी कोणीही दुष्ट नाही, आणि दोघांच्याही प्रजेच्या ताटातील घास मात्र कमी झाला. ह्या चक्रातून सुटण्यास तहावाचून दुसरा मार्ग नाही. आणि तह पाळण्याची सक्ती करणारा तर कोणी वर बसलेला नाही.

१९६० च्या उन्हाळ्यात रिचर्ड ब्रॉडी ह्यांनी हाच खेळ एका मोठ्या प्रश्नासाठी वापरला. खेळणारे कोण? शिकागोच्या परिसरातील हायस्कुलांतील विद्यार्थी, म्हणजे आपल्या ह्या वार्षिकाच्या वाचकांच्याच वयाचे! खेळ सतरा वेळा झाला. दर वेळी सात राष्ट्रे व प्रत्येकात तीन जण, असे एकंदर ३५७ विद्यार्थी त्यात बसले. ओम्ने व उट्रो ही दोन बलाढ्य राष्ट्रे दोन गटांचे नायक. आरंभी अण्वस्त्रे केवळ ह्या दोघांजवळ. खेळ मध्यावर आला की ती विद्या इतर राष्ट्रांनाही मिळे. प्रश्न असा होता की त्यानंतर गटांचे काय होते? झाले ते असे. जोपर्यंत नायकाच्याच छत्राखाली निवारा होता तोपर्यंत लहान राष्ट्रे त्याला धरून होती. स्वतःच्या हाती शस्त्र येताच विरुद्ध गटाचे भय त्यांना पूर्वीइतके वाटेनासे झाले, आपल्याच गटातील सोबत्यांविषयी मात्र अधिक धास्ती वाटू लागली, आणि दोन घट्ट मोळ्यांची दोरी सैल पडली. खेळात घडले म्हणून जगात तसेच घडेल असे मात्र म्हणता येत नाही. सूत्रे माणसांनीच घातलेली, आणि सोळासतरा वर्षांच्या मुलाचे मन वृद्ध मुत्सद्द्याच्या मनासारखे चालते असे गृहीत कसे धरावे? शिवाय आकड्यांच्या प्रजेला स्मरणशक्ती नसते. तिचे समाधान कोष्टक सांगते तसे चढते आणि उतरते. खरी प्रजा एकेक दुष्काळ आजोबापासून नातवापर्यंत लक्षात ठेविते.

अलीकडे असे खेळ संगणकावरही आले आहेत. ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी ह्यांनी २००२ साली सुरू केलेला 'नेशनस्टेट्स' हा त्यांपैकी एक. त्यात आपल्या राष्ट्रापुढे दररोज काही ना काही प्रश्न येतो आणि आपण दिलेल्या निर्णयाप्रमाणे राष्ट्राचे रूप पालटत जाते. त्यातील राष्ट्रसभेचे नाव आरंभी संयुक्त राष्ट्रसंघ असेच होते. खऱ्या संघाने हरकत घेतल्यामुळे २००८ साली ते बदलून 'वर्ल्ड असेंब्ली' असे ठेवावे लागले. आम्हांला त्यातील एक गोष्ट लक्षणीय वाटते. ह्या सभेने ठराव संमत केला की सर्व सभासद राष्ट्रांचे कायदे त्या क्षणी आपोआप बदलतात. खऱ्या महासभेचे ठराव बहुतांशी शिफारशीवजा असतात. ते अमलात आणणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जगात जे साधलेले नाही ते खेळ करणाऱ्याने एका नियमाने साधून टाकिले! सोपे झाले खरे, पण आमच्या मते त्यामुळे खेळातला अवघड भागच निघून गेला.

आता आमच्या वर्गाची हकीकत. गेल्या पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की शनिवारची खेळाची तासिका वर्गात घ्यावी लागे. तेव्हा गेट्झको ह्यांच्या खेळाची एक सोपी आवृत्ती करून आम्ही ती नववीच्या मुलामुलींस खेळावयास दिली. पाच राष्ट्रे, प्रत्येकात चौघे, आणि बातमीपत्रासाठी एक संपादिका व तिचा एक मदतनीस. उत्पादनशक्तीसाठी चिंचोके, शस्त्रांसाठी जुन्या गुंड्या आणि धान्यासाठी शेंगदाणे ठेविले. ही शेंगदाण्यांची चूक पहिल्याच शनिवारी ध्यानात आली. प्रजेच्या वाट्याचे अन्न राज्यकर्त्यांनीच खाऊन टाकिल्यामुळे तीन राष्ट्रांत एकदम दुष्काळ पडला! पुढच्या वेळी आम्ही खडे आणले. तहांसाठी एक वेगळी वही केली होती. तह ठरला की तो तीत लिहावयाचा आणि दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी खाली सही करावयाची.

दुसऱ्या शनिवारी दोन राष्ट्रांत एक तह झाला. सोयीसाठी त्यांस आपण बंदरराष्ट्र व डोंगरराष्ट्र म्हणू. बंदरराष्ट्राने ह्या फेरीस दहा मापे धान्य द्यावे, डोंगरराष्ट्राने पुढच्या फेरीस सहा गुंड्या द्याव्या, असा मजकूर. धान्य गेले. पुढच्या फेरीस गुंड्या आल्या नाहीत. 'आमचे स्वतःचे संरक्षण धोक्यात आहे' एवढीच चिठ्ठी आली. बंदरराष्ट्राचे धान्यही गेले आणि शस्त्रेही मिळाली नाहीत, त्यामुळे समाधानाचे दोन्ही आकडे एकदमच घसरले. दहा चिठ्ठ्यांपैकी चारांवर 'पद गेले' असे लिहून आम्ही त्या राष्ट्रप्रमुखापुढे धरल्या आणि नेमकी तसली चिठ्ठी निघाली. विरोधी बाकावरचा मुलगा उठून त्याच्या खुर्चीत बसला.

घंटा झाल्यावर तो पदच्युत प्रमुख आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, त्यांना शिक्षा नाही का?" आम्ही म्हणालो, "बाळ, तह मोडू नये असा नियम खेळात नाही." तो जागचा हलला नाही. जरा वेळाने म्हणाला, "मग वहीत सही कशाला घेतलीत?" ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. खेळ तो, त्याचे इतके काय मनावर घ्यावयाचे, असे काहीसे आम्ही पुटपुटलो, आणि तो गेल्यावर आपण शिक्षक म्हणून बरे बोललो नाही असे वाटत राहिले. इतर सहा दिवस ज्या वर्गात आम्ही खरे बोलावे म्हणून सांगतो, त्याच वर्गात शनिवारी शब्द मोडण्याला मोकळीक ठेवावी काय? उलटपक्षी, शब्द मोडताच येऊ नये अशी सोय केली तर तो पाळण्यात राहिले काय?

त्या रात्री आम्ही कौटिलीय अर्थशास्त्राचे सातवे अधिकरण काढून बसलो. त्याच्या अखेरच्या भागात नेमका हाच वाद आहे. पूर्वीचे आचार्य म्हणतात की शब्दावर किंवा शपथेवर केलेला संधी चंचल, आणि जामीन वा ओलीस घेऊन केलेला संधी स्थिर. कौटिल्य हे खोडून काढतो. त्याच्या मते शब्द आणि शपथ ही इहलोकी व परलोकी दोन्हीकडे बांधतात, जामीन वा ओलीस फक्त इहलोकी, आणि तेही बळाच्या जोरावर. ज्याला सारे जग कुटिल म्हणून ओळखते त्याने शब्दाची बाजू घ्यावी, हे वाचून आम्ही थोडे चकित झालो. तथापि तोच लगोलग ओलीस कसे घ्यावे व आपले ओलीस कसे सोडवून आणावे तेही सांगतो, हे विसरता कामा नये.

तिसऱ्या शनिवारी आम्ही नियमांस हात लावला नाही. पण वर्गातील हवा पालटलेली दिसली. डोंगरराष्ट्राला धान्य हवे होते आणि त्याला धान्य द्यावयास कोणी पुढे होईना. ज्याच्याशी बोलावे तो म्हणे, "आधी गुंड्या दाखवा." दोन फेऱ्या प्रजा उपाशी राहिली. दहांपैकी सहा चिठ्ठ्यांवर 'पद गेले' असे असूनही त्या राष्ट्राचा प्रमुख वाचला, आणि दैवाने लबाडाची पाठराखण केली म्हणून साऱ्या वर्गाने कल्ला केला. अखेर बंदरराष्ट्राच्या नव्या प्रमुखाने एक युक्ती काढली. डोंगरराष्ट्राने तीन गुंड्या आधी जामीन म्हणून संपादिकेजवळ ठेवाव्या, म्हणजे धान्य मिळेल. आणि करार पुरा झाला की त्या परत. असा कोणताही नियम आम्ही केलेला नव्हता. आम्हांला विचारण्यात आले. आम्ही हो म्हटले. सातवे अधिकरण न वाचता मुलांनी आचार्यांचा पक्ष उचलला होता.

पदच्युत झालेला मुलगा ह्या वेळी विरोधी बाकावर होता. जामिनाचा तह वहीत लिहिला जात असता तो जवळ येऊन उभा राहिला आणि सहीच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे सही घ्याच." जामीन मिळाला असता सही कशाला, असे संपादिकेने विचारले. "असू दे," एवढेच तो म्हणाला. दोन्ही मंत्र्यांनी सह्या केल्या.

पुढे सहामाही परीक्षा जवळ आल्यामुळे चौथा शनिवार झाला नाही. धान्य पोचले होते, पण त्याच्या बदल्यातील शेवटचा हप्ता द्यावयाचा राहिला. तीन गुंड्या अजून संपादिकेच्या कंपासपेटीत आहेत, आणि त्या कोणाच्या ह्याविषयी दोन्ही राष्ट्रांचा वाद अद्याप मिटलेला नाही.